घोड्यावरचं हेल्मेट : दोन सेंटीमीटरचा हिशोब

मी इंदूरहून बोलतेय. शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, स्वतः घोड्यावर फारशी बसत नाही, पण गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी साडेपाचला उठून लेकीला रपेटीच्या शाळेत घेऊन जाते. आजचा विषय मी स्वतः निवडलेला नाही. मागच्या भागानंतर बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू, अगदी बेळगावहूनसुद्धा एकच प्रश्न आला : मुलांना घोड्यावर बसायला पाठवतोय, हेल्मेट कुठलं घेऊ? कुणी लिहिलं, घरात स्कूटरचं आहे, ते चालेल का? कुणी विचारलं, सायकलचं का नको?

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चमूला ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक मिळालं. घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण. त्या चौघांमधली सुदीप्ती हजेला आमच्या इंदूरची, हृदय छेडा मुंबईचा. तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या घरांमध्येही 'मलाही घोडा शिकायचाय' हे वाक्य ऐकू येऊ लागलंय. चांगलंच आहे. पण घोडा शिकवायला निघालेले आईबाप बूट, पँट, हातमोजे हौसेने घेतात आणि हेल्मेट मात्र 'तिथे असेलच की' म्हणून सोडून देतात. मीही तेच केलं होतं.

तेव्हा लेक अकरा वर्षांची होती. शाळेत एका मांडणीवर आठ-दहा हेल्मेटं असायची, मुलं येतील तशी डोक्यात घालायची. तिला मिळालं ते एक माप मोठं होतं. मोतद्दार म्हणाला, मागचं चाक फिरवलं की घट्ट होतं, दीदी. फिरवलं, घट्ट वाटलं. त्या दिवशी तिने केसांचा उंच अंबाडा बांधला होता, हेल्मेट त्या अंबाड्यावर टेकून बसलं होतं. हे मला दिसत होतं. दिसत होतं, आणि ते चूक आहे हे कळत नव्हतं.

घोडा दुडकीवर होता. कुंपणाला अडकलेली प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने फडफडली, तो बिचकून बाजूला झाला आणि लेक दुसऱ्या बाजूला पडली. खाली वाळू होती. हेल्मेट पडता पडता मागे सरकलं आणि कपाळ उघडं पडून वाळूवर आपटलं. रक्त नाही, टेंगूळसुद्धा मोठं नाही. ती उठून उभी राहिली, हसली. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "आई, आज वार कोणता?" मी म्हटलं, रविवार. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. चौथ्यांदा विचारल्यावर मी गाडी घराकडे न नेता रुग्णालयाकडे वळवली.

सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही. मेंदूला हिसका बसला होता. पुढचे काही आठवडे तिला उजेड सोसत नव्हता, वाचताना डोकं दुखायचं, लहानसहान कारणावरून रडायची. हळूहळू बरी झाली. पण सगळ्यात जास्त खटकली ती ही गोष्ट : नंतर मी ते हेल्मेट हातात घेऊन पाहिलं तर ते खरंखुरं, प्रमाणित, चांगलं हेल्मेट होतं. आत मानकाचा शिक्का होता. म्हणजे वस्तू बरोबर होती, माप चुकलं होतं, आणि म्हणून वस्तू असून नसल्यासारखी झाली.

आता थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, एकच भागाकार आहे.

पंधरा हात उंचीचा घोडा म्हणजे मानेच्या बुडाशी, जिथे खोगीर सुरू होतं तिथे, साधारण दीड मीटर. त्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सव्वादोन-अडीच मीटरवर असतं. आपण २.३ मीटर धरू. तिथून डोकं सरळ खाली आलं तर जमिनीला लागताना त्याचा वेग तासाला सुमारे २४ किलोमीटर असतो. घोडा नुसता उभा असला तरी. पळता असेल तर पुढचा वेग त्यात मिसळतो, तो वेगळा.

हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर सगळं ठरतं. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. उत्तर येतं ते, डोक्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी किती पट धक्का बसला ते. उघडं डोकं कठीण जमिनीवर आपटलं की कातडी मिळून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मिळतात. २.३ मीटर भागिले २ मिलिमीटर, म्हणजे ११५० पट. आता मध्ये असा थर घाला जो चुरडत चुरडत दोन सेंटीमीटर आत जाईल. २.३ मीटर भागिले २ सेंटीमीटर, ११५ पट. दहापटीचा फरक, आणि तो केवळ दोन सेंटीमीटरनी केलाय. खरा धक्का इतका सरळ नसतो, एखाद्या क्षणी तो सरासरीच्या बराच वर जातो. पण हेल्मेट काय काम करतं ते या भागाकारात आलं.

हेल्मेट कापून बघितलं तर बाहेर पातळ कठीण कवच, आत पांढरा किंवा काळा टणक थर, आणि त्याच्याही आत मऊ गादी. आपला हात लागतो तो गादीला, म्हणून दुकानात लोक गादी दाबून बघतात आणि म्हणतात, वा, मस्त मऊ आहे. गादीचं काम फक्त डोक्याला टोचू न देण्याचं. जीव वाचवतो तो मधला टणक थर. टीव्हीच्या खोक्यात येतो त्या थर्माकोलचाच तो भाऊ, फक्त जास्त दाट. तो चुरडतो आणि चुरडताना धक्क्याची ऊर्जा खातो. एकदा चुरडला की पुन्हा फुगत नाही. बाहेरचं कवच धक्का मोठ्या जागेवर पसरवतं आणि नालेची किंवा कुंपणाची कड आत घुसू देत नाही.

हे लक्षात आलं की बाजारात मिळणाऱ्या मखमली टोपीचं काय करायचं ते आपोआप कळतं. आत पुठ्ठा किंवा पातळ प्लास्टिक, त्यावर स्पंज. स्पंज दाबला की लगेच तळाला लागतो. ती टोपी आहे, हेल्मेट नाही. फोटोला घाला हवी तर.

मग स्कूटरचं हेल्मेट? आपल्याकडे आयएसआय चिन्हावर लोकांचा विश्वास आहे आणि तो योग्य आहे. पण त्या हेल्मेटावरचा आयएस ४१५१ हा क्रमांक दुचाकीस्वारांसाठीच्या मानकाचा आहे. रस्त्यावरच्या जास्त वेगाच्या धडकेसाठी ते बनतं, म्हणून जड असतं, पूर्ण चेहऱ्याचं तर सव्वा-दीड किलोपर्यंत जातं. दहा वर्षांच्या मुलाच्या मानेवर ते वजन घोड्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर वरखाली होतं. कान झाकले जातात, शिकवणाऱ्यांची हाक ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही. घोड्यावर ऐकणं आणि बघणं हाही बचावच असतो.

सायकलचं हेल्मेट त्यामानाने हलकं, हवेशीर, म्हणून मोहात पाडणारं. पण सायकलवरून माणूस बहुतेक वेळा पुढे किंवा बाजूला पडतो. घोड्यावरून तो कसाही पडतो, पाठीवरसुद्धा, म्हणून घोड्याचं हेल्मेट मागे डोक्याच्या तळापर्यंत खाली उतरतं. शिवाय घोड्याच्या हेल्मेटाची परीक्षा सपाट लोखंडावर होते तशीच धारदार कडेवरही होते, कारण पडल्यावर नाल लागू शकते, लाथ लागू शकते, कुंपणाची कड लागू शकते. काही मानकांत तर हेल्मेट दोन्ही बाजूंनी दाबूनही बघतात. सायकलच्या मानकात घोड्याचा हा सगळा विचार नाही. क्रिकेटचं हेल्मेट चेंडूसाठी, बांधकामावरचं पिवळं टोपडं वरून पडणाऱ्या वस्तूसाठी. ज्याचं काम त्याने करावं.

तर मग घोड्याचं हेल्मेट ओळखायचं कसं? उलटं करा, गादी बाजूला सारा आणि आतली चिठ्ठी वाचा. व्हिडिओत मी हे हातात धरून दाखवलं होतं, इथे शब्दांत सांगते. चिठ्ठीवर एएसटीएम एफ ११६३ असेल तर ते अमेरिकी मानक. सोबत एसईआय असा शिक्का हवा, म्हणजे स्वतंत्र संस्थेने तपासणी केलीय. या मानकात हेल्मेट सपाट लोखंडावर १.८ मीटरवरून आपटतात आणि आतल्या नकली डोक्याला ३०० पटीहून जास्त धक्का बसता कामा नये अशी अट आहे. पीएएस ०१५ हे ब्रिटिश. व्हीजी१ ०१.०४० आणि ईएन १३८४ ही युरोपातली. ईएन १३८४ बाबत एक बारकावा आहे. याची जुनी आवृत्ती अपुरी म्हणून मागे घेतली गेली, मधल्या काळासाठी व्हीजी१ आलं, आणि नंतर ईएन १३८४ सुधारून २०१७ साली पुन्हा आलं. तेव्हा नुसतं ईएन १३८४ लिहिलेलं जुनं हेल्मेट कुणी स्वस्तात देत असेल तर पुढे २०१७ किंवा त्यानंतरचं साल आहे का ते बघा. स्नेलचा ई मालिकेतला क्रमांक दिसला तर तीही चांगली, कडक परीक्षा.

आणि नुसतं 'सीई' बघून हुरळून जाऊ नका. ती दोन अक्षरं सायकलच्या हेल्मेटावरही असतात. ऑनलाइन दुकानात फोटोत घोडा असतो, नावात घोडा असतो, आणि माहितीत 'सीई प्रमाणित' एवढंच. क्रमांक विचारा. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर ते घेऊ नका.

यापलीकडे एक गोष्ट आहे, फिरकीची. डोकं क्वचितच सरळ आपटतं. बहुधा तिरकं घासत आपटतं आणि त्याबरोबर झटक्याने वळतं. कवटी वळते, आतला मऊ मेंदू मागे राहतो आणि ताणला जातो. ताटात दही विरजलेलं असताना ताट गर्रकन फिरवून बघा, कडेला दही कसं फाटतं ते. यावर स्वीडनमध्ये मेंदूचे शल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि अभियंते पेटर हाल्डिन यांनी १९९० च्या दशकापासून काम केलं. त्यातून हेल्मेटाच्या आत किंचित सरकणारा एक पातळ थर आला, त्याला मिप्स म्हणतात. आज तो सायकलच्या हेल्मेटांमुळे प्रसिद्ध आहे, पण २००७ साली तो पहिल्यांदा बाजारात आला तो घोडेस्वारीच्याच हेल्मेटात. खिशाला झेपत असेल तर जरूर घ्या. झेपत नसेल तर साधं, प्रमाणित, नीट बसणारं हेल्मेट घ्या आणि निश्चिंत राहा. मिप्स असलेलं सैल हेल्मेट माझ्या मते त्याहून वाईट.

किमतीबद्दलही तेच. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०२२ च्या डिसेंबरपासून घोडेस्वारीच्या हेल्मेटांना तारे द्यायला सुरुवात केली. यादी सगळ्यांसाठी खुली आहे. बघाल तर काही महागड्या, चमचमत्या हेल्मेटांना कमी तारे आहेत आणि काही साध्या, स्वस्त हेल्मेटांना जास्त. चमड्याची किनार आणि चकाकणारे खडे त्या दोन सेंटीमीटरमध्ये काही भर घालत नाहीत.

आता मापाकडे येते, माझ्या दुखऱ्या जागेकडे. शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या साधारण अडीच सेंटीमीटर वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो सगळ्यात फुगीर भाग आहे तिथून फिरवा. आलेला आकडा सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा. पण आकडा म्हणजे अर्धीच गोष्ट. डोक्याचा आकार वेगळा असतो. काहींचं डोकं वरून पाहिलं तर गोल लाडवासारखं, काहींचं पुढेमागे लांबट. एकाच ५४ मापाचं एक हेल्मेट एकाला घट्ट आणि दुसऱ्याला डुलणारं. गोल हेल्मेट लांबट डोक्यावर घातलं की कपाळावर दाब येतो आणि कानांवर फट राहते. हे चाक फिरवून सुधारत नाही. मागचं चाक हे शेवटचा थोडासा कस काढायला असतं, एक माप मोठं हेल्मेट लहान करायला नव्हे. माझ्या लेकीच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

घालून बघा. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवी, मागे कललेली नाही. पट्टा न लावता दोन्ही हातांनी हेल्मेट हलकेच पुढेमागे, डावीउजवीकडे हलवा. कपाळाची कातडी आणि भुवया त्याबरोबर हलल्या पाहिजेत. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, तर ते सैल. मग पट्टा न लावताच खाली वाका. सुटून पडलं तर ते तुमचं नाही. मग पट्टा लावा. कानाखाली दोन पट्ट्यांचा व्ही जुळतो, हनुवटीखाली जेमतेम एक-दोन बोटं जातात, तोंड मोठं उघडलं की हेल्मेट किंचित खाली ओढल्यासारखं वाटतं. आता मागून वर ढकलून पुढे घसरतं का बघा, पुढून ढकलून मागे जातं का बघा. हेच त्या दिवशी कुणी करून पाहिलं असतं तर.

दहा मिनिटं ते डोक्यावर ठेवून दुकानात हिंडा. एका जागी टोचू लागलं, कपाळावर लाल रेघ उमटली, तर आकार जुळत नाही. मूल म्हणेल, आवडलं, हेच हवं, कारण ते जांभळं आहे. तरीही थांबा दहा मिनिटं.

केसांबद्दल आपल्या घरांत बोलायलाच हवं, कारण आपल्या मुलींना लांब केस असतात. उंच अंबाडा, वर बांधलेली शेपटी, मोठा क्लिप, काही नको. मानेवर खाली एक सैल वेणी, आणि हेल्मेट त्या वेणीच्या वर. ज्या पद्धतीने केस बांधून घोड्यावर बसणार त्याच पद्धतीने बांधून दुकानात जायचं. शनिवारी रात्री तेल चोपडून रविवारी सकाळी हेल्मेट घालायचं, हेही नको. डोकं निसरडं होतं आणि आतली गादी तेल पिऊन काळी पडते. माझ्या आईला हे पटायला वेळ लागला. 'तेल नाही तर डोकं शांत कसं राहणार', हा तिचा मुद्दा होता.

आणखी एक मोह : वाढत्या मुलाला 'दोन वर्षं पुरेल' असं मोठं घ्यायचं. फ्रॉक मोठा घ्या, स्वेटर मोठा घ्या. हेल्मेट आजच्या डोक्याचं.

हेल्मेट घरी आलं की त्याचं आयुष्य सुरू होतं आणि ते मोजकं असतं. आतल्या चिठ्ठीवर निर्मितीची तारीख असते. बनवणारे साधारणपणे पाच वर्षांच्या आसपास बदला असं सांगतात. गाडीच्या डिकीत ठेवू नका. नागपूरच्या किंवा आमच्या माळव्याच्या मे महिन्यात बंद गाडी भट्टी होते आणि तो टणक थर उष्णतेने बिघडू शकतो. पेट्रोल, थिनर, जालीम साबण यांनी पुसू नका. ओल्या फडक्याने पुरे.

आणि डोकं आपटलं की हेल्मेट संपलं. बाहेरून ओरखडासुद्धा नसेल. लेकीच्या शाळेत एका मुलाचं असंच हेल्मेट टाकून द्यायला निघाले होते, ते मी मागून आणलं आणि प्रयोगशाळेत करवतीने कापून मुलांना दाखवलं. कवच जसंच्या तसं. आतला थर एका जागी बोटाच्या पेराएवढ्या भागात दबून चपटा झालेला. पुढच्या वेळी तिथे ते दोन सेंटीमीटर मिळणार नव्हते. म्हणून जुनं, कुणाचं वापरलेलं हेल्मेट स्वस्तात घेऊ नका. खोगीर जुनं घ्या, लगाम जुना घ्या, कानपूरचं चांगलं खोगीर पिढ्यान्‌पिढ्या जातं. हेल्मेटाचा इतिहास मात्र बाहेरून दिसत नाही.

'आम्ही तर नुसतं चालवतो, उड्या थोड्याच मारतो?' असंही एका ताईंनी लिहिलंय. त्यांना कोर्टनी किंग-डायचं सांगते. ती २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून ड्रेसाज खेळली. ३ मार्च २०१० रोजी फ्लोरिडात रोजच्या सरावात तिचा घोडा अडखळून पडला. तिने हेल्मेट घातलं नव्हतं, त्या काळी ड्रेसाजवाले घालत नसत. कवटीला तडा गेला, ती सुमारे महिनाभर बेशुद्ध होती. तिच्या अपघातानंतर हेल्मेटासाठी मोठी मोहीम उभी राहिली. ड्रेसाजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधली ती डौलदार उंच हॅट १ जानेवारी २०२१ पासून नियमानेच गेली आणि हेल्मेट सक्तीचं झालं. म्हणून २०२३ मध्ये सुदीप्तीच्या डोक्यावर हेल्मेट होतं.

घोड्याला खरारा करतानाही ते डोक्यावर असू द्या, विशेषतः मुलांच्या. मूल नाल बघायला वाकतं तेव्हा त्याचं डोकं नेमकं खुराच्या उंचीवर येतं.

राहिला प्रश्न सहलीतल्या घोड्यांचा. माथेरान, महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, पाचगणीचं टेबललँड, पहलगाम, नैनिताल. तिथे हेल्मेट मागितलं तर घोडेवाला हसतो, आणि दिलंच तर कधी साफ न केलेलं, तुटक्या पट्ट्याचं मिळतं. अशा पंधरा मिनिटांसाठी घरून घोडेस्वारीचं हेल्मेट कुणी नेणार नाही, हे मला कळतं. मुलाचं स्वतःच्या मापाचं सायकलचं हेल्मेट असेल तर ते न्या. वर सांगितलेल्या सगळ्या उणिवांसकट ते उघड्या डोक्यापेक्षा पुष्कळ बरं. घोडेवाल्याने लगाम हातात धरून चालवायचं, पळवायचं नाही, हे बसण्याआधी ठरवा, पैसे देण्याआधी ठरवा. आणि नसेलच हेल्मेट, तर लहान मुलाचा फोटो घोडा उभा असताना काढा आणि उतरवा. भागाकार आठवतोय ना, उभ्या घोड्यावरूनही ११५० येतो. म्हणून त्याला धरून उभे राहा.

कुणी पडलंच, तर हेल्मेट घातलेलं होतं म्हणून निर्धास्त होऊ नका. हेल्मेट कवटी वाचवतं, हिसका पूर्ण थांबवत नाही. तेच तेच प्रश्न, ओकारी, गुंगी, डोळ्यांपुढे दोन दोन दिसणं, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय. काही दिसलं नाही तरी त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसवू नका. 'भीती मोडायला लगेच बसवावं' असं जुने लोक सांगतात. भीती पुढच्या रविवारीही मोडते.

माझी लेक पुन्हा बसते आता. हेल्मेट तिचं स्वतःचं, ५३ मापाचं, रंग काळा, कारण जांभळं तिच्या डोक्याला बसलं नाही. घालायच्या आधी ती स्वतःच खाली वाकून बघते, पडतं का ते. पुढच्या भागात रिकिबीत पाय अडकण्याबद्दल बोलू. त्यासाठी घरातला थोड्या टाचेचा एखादा बूट शोधून ठेवा.